रिकाम्या होडीला खुंटी

उषाबाई: अहो, आता पुरे. ही सातवी होडी झाली. अजून तेहतीस बाकी हायेत.

बद्रीनाथ: मंग मी काय करू? तातेरावानं हात फुडं केला, त्याला न्हाई म्हनू? काठाला बांधलेल्या होडीवरून जायचं, तर तिच्यातलं गूळ-खोबरं घेतल्याबिगर फुडं सरकायचं न्हाई. डोहाईदेवीच्या जत्रेचा रिवाज हाय. निजामाच्या वक्तापासून चालू हाय.

उषाबाई: गूळ-खोबरं घ्यायचा रिवाज हाय. बसून चहा प्यायचा, जावयाची नोकरी इचारायची, म्हैस किती दूध देती ते इचारायचं, हे निजामानं सांगितलं न्हवतं.

बद्रीनाथ: मानसानं मानसाला इचारायचं न्हाई तर काय म्हशीला इचारायचं?

उषाबाई: पयलं शिंग वाजून सवा घंटा झाला. तिसरं शिंग वाजायच्या आत आपली होडी घाटाच्या खुंटीला बांधल्याली पायजे, न्हाईतर देवी मानाच्या फुडच्या घराच्या होडीत बसून देवळात जाती. तुमाला ठावं हाय ना?

बद्रीनाथ: ठावं हाय म्हनूनच तर काल बंदोबस्त करून आलो. घाटावरच्या पयल्या खुंटीवर टॉवेल टाकून आलो.

उषाबाई: ती काय जाफराबादची एसटी हाय का?

बद्रीनाथ: हसू नको. टॉवेल टाकल्याली जागा आपल्याकडं कोनी घेत न्हाई. मानसं पक्ष बदलतील, सोयरीक मोडतील, पन दुसऱ्याचा टॉवेल उचलनार न्हाईत. गोदावरी भरून वाहायची तव्हा ठीक होतं, शहागडापासून कुठंबी होडी बांधा. आता नदीत वाळू राह्यली अन् जत्रा कॅनालात आली. कॅनालाला दोनच काठ. मी जागा धरली न्हसती तर आज घाटावर उभं राह्यला बी मिळालं न्हसतं.

उषाबाई: जागा धरली, पन तिथं पोचायचं कोनी? एका होडीला धा मिनिटं. तेहतीस होड्यांचे साडेपाच घंटे. देवी आपल्याला उद्या नाष्ट्याला भेटंल. अन् पाच वाजता कॅनालाचं पानी कमी करनार हायेत ते येगळंच.

बद्रीनाथ: आगं, होईल बराबर. तू उगं घाई करू नको.

उषाबाई: घाई? एकवीस घरं हायेत मानाची. साली एक घर, यंदा आपलं. मागल्या बारीला देवी तुमच्या आयच्या मांडीवर बसली, मी काठावर हुबी, कडंवर आपली आकांक्षा. एकवीस सालं थांबले मी. पुढच्या बारीला त्र्याहत्तर वर्साची असन. पाच शेराचा पितळी मुखवटा तव्हा माझ्या गुडघ्याला झेपंल का? तुमी लग्नाच्या मांडवात बी उशिरा आल्ता. तव्हा मी काही बोलले न्हाई.

बद्रीनाथ: तव्हा बोलली न्हाईस, पन त्यानंतर रोज बोलू राह्यलीस.

उषाबाई: आज रडंन मी. खरंच रडंन, सांगून ठिवते.

बद्रीनाथ: रडू नको. थांब. मला एक सांग, गूळ-खोबरं कोनाला देतेत?

उषाबाई: येनाऱ्या-जानाऱ्याला.

बद्रीनाथ: अन् होडीत कोनीच नसंल तर?

उषाबाई: तर कोनाला देतील, वल्ह्याला?

बद्रीनाथ: बराबर. ती ताडपत्री घे इकडं. आडवी हो. मी बी होतो. कॅनाल सरळ सोटासारखा हाय, धार आपल्याला आपसूक घाटावर नेऊन सोडंल. रिकाम्या होडीला कोनी थांबवत न्हाई.

उषाबाई: अहो, ही चोरी हाय.

बद्रीनाथ: चोर दुसऱ्याचा माल नेतो. आपन दुसऱ्याचा माल घेऊच न्हाई राह्यलो. जल्दी कर, भिवाची होडी आली.

उषाबाई: पाय काढा तुमचे माझ्या पोटावरून.

बद्रीनाथ: पोट हाय का ते? मला गाठोडं वाटलं.

उषाबाई: मला हसू येऊ राह्यलं. हसवू नका, ताडपत्री हालती.

बद्रीनाथ: हळू. हतं एक भोक हाय, मला सगळं दिसू राह्यलं. भिवा झोपल्याला. गेली त्याची होडी. आता राधेश्याम. त्यो बायकोला शिव्या देऊ राह्यला, त्याचं ध्यान न्हाई. गेली. दीपमालाची बी गेली. आगं, उषा, लई भारी चाललंय. धा मिनिटांत सहा होड्या. ही अक्कल मला तीस वर्सं आधी सुचायला पायजे होती.

उषाबाई: तीस वर्सं आधी तुमी माझ्यासंगं ताडपत्रीखाली झोपले असते का?

बद्रीनाथ: तुझ्या आयनं झोपू दिलं असतं तर.

उषाबाई: गप बसा. म्हातारपनी काही बी बोलतेत. आता कोनाची होडी हाय?

बद्रीनाथ: आता ... अरे देवा. तुळजावैनी.

उषाबाई: तुळजा? एकटीच हाय?

बद्रीनाथ: एकटीच. डब्याचे थर मांडून बसली हाय. गूळ-खोबऱ्यावर भागायचं न्हाई हतं, जेवायलाच बसवंल.

उषाबाई: मुद्दाम बसवंल. आपल्यानंतर मान कोनाच्या घराचा हाय? तिच्याच. आपन चुकलो की देवी आज तिच्या मांडीवर. बिलकुल हालू नका. श्वास बी घेऊ नका. पोराच्या हळदीचं आवतन फोनवर देनारी बाई हाय ती. संगंच लगीन होऊन आलो आमी दोघी ह्या गावात, अन् मला फोनवर आवतन.

बद्रीनाथ: तीन साल झाले त्याला.

उषाबाई: तीनशे होऊ द्या.

तुळजाबाई: आगं बाई. ही तर बद्रीभावजीची होडी. अन् मानसं कुठं गेली? दोर सुटला वाटतं. थांब, थांब, वाहत कुठं चाललीस. ये इकडं. बांबूनं वढते तुला.

उषाबाई: अहो, वढू राह्यली ती आपल्याला.

बद्रीनाथ: शू.

तुळजाबाई: आज तुझ्या मालकिनीचा मान अन् तू मोकाट फिरू राह्यलीस होय? मालक बसला असंल कुठंतरी चहा पीत. ही घातली गाठ. आता हालायचं न्हाई माझ्या खुंटीवरून.

उषाबाई: बांधलं. बांधलं तिनं. आता काय करायचं?

बद्रीनाथ: आता उठलो तर इज्जत गेली.

उषाबाई: न्हाई उठलो तर देवी गेली.

(लांबून दुसरं शिंग वाजतं.)

तुळजाबाई: ऐकलं का, डोहाई? दुसरं वाजलं. अन् तू ही रिकामी होडी माझ्याच दारात आनून सोडली. काऊन गं? मी काही मागितलं होतं का तुला? मागितलं होतं. खोटं काऊन बोलू. सकाळी हात जोडून म्हनले, आये, यंदाच्या साली कायतरी कर. माझ्या मिथुननं संभाजीनगरात फ्लॅट घेतला. दिवाळी झाली की घर बंद, होडी इकायची. पुढच्या साली माझा मान, अन् मी आठव्या मजल्यावर. तिथं होडी बांधू कशाला, ग्यालरीला? हे मी म्हनले. पन असं न्हवतं म्हनले मी. उषाचं काढून मला दे, असं तोंडातून काढलं न्हाई मी. मनात आलं असंल. मनाचं तू धरू नको.

बद्रीनाथ: उषा ...

उषाबाई: बोलू नका.

तुळजाबाई: नुसतं बसून राह्यले हतं, तर कोनी दोष द्यायचं न्हाई मला. होडी सुटल्याली दिसली, धरून ठिवली. सगळे शाबासकी देतील. तिसरं शिंग वाजंल, घाटावरून माझ्या होडीला बोलावनं येईल अन् तू येशील माझ्या मांडीवर. अन् उषा काठावर हुबी राहील. तिच्या सासूच्या बारीला हुबी होती तशी. पोरगी कडंवर, तोंड पाहून घ्यावं असं. मी तिच्या बाजूलाच हुबी होते. तिनं त्या दिवशी डोळे पुसले ते मी पाह्यले. नाकावर माशी बसू देत न्हाई भवानी, तीन साल झाले माझ्यासंगं धड बोलत न्हाई. पन न्हाई. मला जमायचं न्हाई. सोडते ही गाठ. मीच बसते हिच्यात अन् नेऊन बांधते घाटाला. मानसं येतील तव्हा येतील, होडी तर टायमावर पायजे. सरक गं ताडपत्री, पाय ठिवू दे.

बद्रीनाथ: आं ... आं ... आक्छी.

तुळजाबाई: होडी शिंकली.

उषाबाई: आमी हाओत, तुळजे.

तुळजाबाई: माय माय माय. उषे? अन् भावजी? दिवसाढवळ्या ताडपत्रीखाली? नातवंडं व्हायचे दिवस आले अन् हे काय?

बद्रीनाथ: तसं काही न्हाई, वैनी. गूळ-खोबऱ्यामुळं लपलो.

तुळजाबाई: गूळ-खोबऱ्यामुळं मानसं लपतेत हे पयल्यांदाच ऐकलं.

उषाबाई: थांबत थांबत आलो असतो तर तिसरं शिंग हुकलं असतं. म्हनून लपलो. चुकलं आमचं.

तुळजाबाई: अन् कवापासून ऐकू राह्यल्या तुमी?

उषाबाई: पयल्यापासून.

तुळजाबाई: भवानी म्हनले ते बी?

उषाबाई: ते बी. अन् आठवा मजला बी. मला सांगितलं काऊन न्हाई?

तुळजाबाई: तू बोलती कुठं माझ्यासंगं? हळदीचं आवतन घेऊन दोनदा आल्ते तुझ्या दारात. कुलूप. तू भोकरदनला भावाकडं. मंग फोन केला, तर तूच म्हनली, बरं बरं, अन् ठिवून दिला.

उषाबाई: दोनदा आल्तीस?

तुळजाबाई: कुंकू लावून आल्ते तुझ्या चौकटीला. पाह्यलं न्हाईस का?

उषाबाई: पाह्यलं. मला वाटलं आकांक्षानं लावलं.

बद्रीनाथ: बायांनो, तीन सालाचा हिशेब घाटावर करा. सव्वीस होड्या राह्यल्या फुडं, अन् पानी बी उतरू राह्यलं. ती पाहा काठाची वली रेघ. आता लपता बी येत न्हाई, राधेश्याम आपल्याकडं बोट दाखवू राह्यला.

तुळजाबाई: भावजी, वल्हं घ्या हातात. चहाला कोनी बोलावलं तर माझ्याकडं पाहा, त्याच्याकडं पाहू नका. उषे, तू मधी बस. मी हुबी राहते फुडं, पदर पसरून. गूळ-खोबरं घ्यायचा रिवाज हाय ना? पदरात फेकलं तरी घेतलंच की. थांबून घ्यायचं असं कोनी सांगितलं?

बद्रीनाथ: ही अक्कल बी आधी सुचायला पायजे होती.

तुळजाबाई: ओ दामोदरराव, फेका इकडं. थांबत न्हाई, देवीचा मान हाय. अहो जोरात फेका, बायकोनं कधी भाकर फेकून मारली न्हाई का तुमाला? आली. घेतली. डोहाई भलं करो. ओ मावशे, अख्खी वाटी न्हाई, खोबरं, खोबरं फेक. घेतलं. भावजी, त्यो हात करू राह्यला, तिकडं पाहू नका.

बद्रीनाथ: माझा साडू हाय त्यो.

तुळजाबाई: साडू उद्या बी राहील. मारा वल्हं.

उषाबाई: तुळजे, एक खोबऱ्याचा तुकडा माझ्या डोक्यात पडला.

तुळजाबाई: देवीनं अक्षता टाकल्या समज. ओ, डाव्या काठाचे, तुमी बी फेका. काय म्हनले? मी ह्या होडीत काऊन? भांडन मिटलं, म्हनून. अहो मिटलं, त्यात एवढं तोंड वासायसारखं काय हाय?

उषाबाई: माझं हसून पोट दुखू राह्यलं. पोटातली सगळी भीती गेली.

बद्रीनाथ: भीती ठिव थोडी. घाट आला. अरे, किती होड्या हायेत हतं, एकीला एक चिटकून. कुठं हाय पयली खुंटी?

उषाबाई: ती काय. टॉवेल हाय तिच्यावर. निळ्या काठाचा.

बद्रीनाथ: सांगितलं न्हवतं? दोन्ही बाजूंनी दाटी झाली, पन टॉवेलाची खुंटी कोनी धरली न्हाई. हा टॉवेल घेतला होडीत, हा टाकला दोर. गाठ ढिली ठिवतो, पानी उतरलं तर होडी लटकायची. झालं. बांधली.

तुळजाबाई: ऐका. तिसरं शिंग.

बद्रीनाथ: पोचलो, उषा. आगं, टायमावर पोचलो. मी आयुष्यात पयल्यांदा टायमावर पोचलो.

उषाबाई: अन् पाहा, पुजारी मुखवटा घेऊन पायऱ्या उतरू राह्यला. माझा पदर नीट हाय का?

तुळजाबाई: नीट हाय. मी उतरते आता काठावर. तिथून तुझं तोंड बराबर दिसंल मला. हे गूळ-खोबरं कुठं वतू?

उषाबाई: वत हतं, टॉवेलावर. अन् उतरू नको. मांडी घालून बस माझ्या जवळ.

तुळजाबाई: कशाला?

उषाबाई: घाटाफुडच्या वळनापर्यंत देवी तुझ्या मांडीवर. वळनापासून देवळापर्यंत माझ्या.

तुळजाबाई: येडी झाली का तू? मान तुझा हाय. एकवीस सालं थांबलीस त्याच्यासाठी.

उषाबाई: माझाच हाय. म्हनूनच तर देता येऊ राह्यला. बस.