कारध्याच्या सुनंदाच्या गप्पा

आमच्या कारध्याच्या सुनंदाचं ऐका. घरी मासेमारी, अन् हिले नर्स म्हणून परदेशी जायचं. त्यासाठी इंग्रजी बोलायची परीक्षा. तयारी मी करून घेऊन राहिलो होतो. सरावाले विचारलं, “मैत्रिणींसंग गप्पा कुठं मारते?”

तिनं पाठ केलेलं उत्तर दिलं, “कॉफी शॉपमधी.”

“कारध्यात कुठं आहे कॉफी शॉप?”

मंग ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलली, “आम्ही नदीत जाळं धरून उभ्या राहतो. तवा कोणी बोलत नाही, मासोळी पळते. जाळं वर काढलं का सगळ्या एकदमच बोलतो.”

म्हटलं, “परीक्षेत हेच सांग.”

तिनं तेच सांगितलं. वेळ संपली, परीक्षा घेणाऱ्या मॅडमनं रेकॉर्डिंग बंद केलं, अन् हळूच विचारलं, “सगळ्यात पहिले कोण बोलते?”

सुनंदा म्हणाली, “जिचा पाय लागून मासोळी पळाली, ते.”