बाबुरावांच्या नावावर

रचना : ते सगळं ठीक आहे मंजुळाताई. पण मला आधी सांगा, हे बाबुराव झोपतात कधी?

मंजुळा : आमचे बाबुराव? दुपारी जेवले की आडवे होतात. कल्याणला असतात, मुलाकडे. का गं?

रचना : कारण आमच्या रेकॉर्डप्रमाणे त्यांनी गेल्या महिन्यात सव्वीस दिवस तिन्ही शिफ्ट केल्यात. सकाळी सातला बॅच मंजूर, दुपारी चारला मंजूर, पहाटे तीनला पण मंजूर. ऑफिसचं सगळं बघणारा तो एआय सोबती आहे ना, त्याने हेड ऑफिसला मेसेज टाकला, या कर्मचाऱ्याला तातडीने रजा द्या. सगळ्यांची अकाउंट मी सांभाळते, म्हणून मी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दोन तास काढून डोंबिवलीला आलेय.

मंजुळा : रजा कसली देताय? त्यांना रिटायर होऊन तीन वर्षं झाली.

रचना : ते मला फाइल उघडल्यावर कळलं.

मंजुळा : पासवर्ड त्यांचा आहे, हात आमचे. हे बघ, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. लॅबमध्ये नवीन माणूस आला की त्याला गॉगल देतो, हातमोजे देतो आणि हे दार उघडून दाखवतो.

रचना : बापरे. आणि हे कोणी सुरू केलं?

मंजुळा : त्यांनीच. मंजुरीचं बटण फक्त केमिस्टला, आणि केमिस्ट एकटे ते. बिचारे चोवीस तास कसे बसणार? लावला कागद. मग ते गेले, त्यांच्या जागेवर कोणी आलं नाही, कागद तेवढा राहिला.

रचना : तुम्ही मागितली नाही ती जागा?

मंजुळा : मागितली की. बी.एस्सी. झालेय, एकोणीस वर्षं या लॅबमध्ये आहे, पोस्ट काय तर असिस्टंट. मॅनेजर साहेबांना म्हटलं, मला करा केमिस्ट. ते म्हणाले, चाललंय ना ताई व्यवस्थित, कशाला नवीन फाइल उघडायची. आणि चाललं होतंच. सकाळी कॉम्प्युटर लावला की तुझा सोबती 'सुप्रभात बाबुराव' म्हणतो. मी पण मुकाट्याने सुप्रभात म्हणते.

रचना : आता नाही म्हणणार. अकरा वाजता मी ते अकाउंट बंद केलंय.

मंजुळा : तरीच म्हटलं. ड्रायव्हर नाथाचा ट्रक गेटवर उभा आहे बारा ड्रम घेऊन, गेटपास काही निघेना. मला वाटलं नेट गेलं.

रचना : बसा जरा. खरी गोष्ट पुढेच आहे. तुमच्या मॅनेजर सिद्धेश सरांनी मला मेल केलाय. बाबुरावांची परवानगी त्यांना दुसऱ्या माणसाला द्यायचीच नाहीये. सोबतीला आपण डिस्पॅचचं, म्हणजे माल पाठवायचं, एक्स्टेन्शन जोडलंय ना, लॅबचे रिपोर्ट वाचणारं, त्यालाच मंजुरी द्यायची म्हणतात. आकडे हद्दीत असले की पास आपोआप निघणार.

मंजुळा : आणि मी?

रचना : तुमच्या नावाने अकाउंट आहे, तुम्ही ते कधी उघडलंच नाहीत. आमच्याकडे चार प्रकारचे लोक असतात. बघणारा, भरणारा, थांबवणारा आणि मंजूर करणारा. तुम्ही 'बघणारा' मध्ये आहात.

मंजुळा : म्हणजे खराब ड्रम चाललाय हे मी बघायचं.

रचना : हो.

मंजुळा : आणि गेटवर जाऊन टाटा करायचा.

रचना : तसंच काहीतरी. म्हणून मी मेलला उत्तर न देता स्वतः आलेली. मला रेकॉर्डमध्ये एक गंमत दिसली. तीन वर्षांत बाबुरावांनी नऊ बॅच थांबवल्यात. नऊच्या नऊ सकाळच्या शिफ्टला, आणि शेरा प्रत्येक वेळी तोच : 'तळ बघितला. परत वाळवा.' तर हे सकाळचे बाबुराव कोण?

मंजुळा : आता सगळंच काढलंस तर सांगते. मीच ती. आपली पावडर गरम असताना भरली ना, की ड्रमच्या तळाला ओल धरते. वरून बघशील तर कोरडी ठणठणीत. घाईत असलेला माणूस वरचीच चमचाभर घेतो, लॅबला देतो, आकडे झकास येतात. मी लांब नळी घालते आणि तळाची काढते.

रचना : म्हणजे रिपोर्टचे आकडे खोटे नसतात.

मंजुळा : अजिबात नाही. खरे असतात, फक्त वरचे असतात. तुझं एक्स्टेन्शन हुशार आहे गं, मला त्याचा राग नाही. दिलेला कागद ते आपल्या सगळ्यांपेक्षा नीट वाचतं. पण कागदावर वरचंच लिहिलंय हे त्याला कोणी सांगायचं?

रचना : बरोबर पकडलंत. त्या नऊपैकी शेवटच्या दोन बॅचना ते चाचणीवर होतं. दोन्ही वेळा ते 'पास' म्हणालं, तुम्ही थांबवलंत, आणि दोन्ही वेळा ओल निघाली.

मंजुळा : हे तू त्या मेलमध्ये लिहिणार आहेस?

रचना : तक्ता जोडून ठेवलाय. आम्ही कल्याणजवळच्या मोहन्याचे, ताई. पप्पांनी एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटरचं काम केलं आणि कागदावर शेवटपर्यंत हेल्पर राहिले. मला असला कागद बघवत नाही.

सिद्धेश : आत येऊ का? रचना ना तू? मी सिद्धेश, इथला प्लांट मॅनेजर. यार, ट्रक पाऊण तास उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न मारून वैतागला. एक टिक मारायचीय, मारून टाक ना.

रचना : मारते सर. फॉर्म उघडाच आहे. एक्स्टेन्शनला मंजुरी, बरोबर? एवढा एक रकाना भरायचा राहिलाय. जबाबदार व्यक्ती.

सिद्धेश : ती कशाला? सॉफ्टवेअरला देतोय आपण.

रचना : सॉफ्टवेअरला दिली तरी मागे एका माणसाचं नाव लागतं. गिऱ्हाइकाने माल परत पाठवला तर पहिला फोन त्याला. तुमचं टाकू?

सिद्धेश : माझं नको. मी दिवसभर मीटिंगमध्ये, मी कुठे ड्रम बघतो?

रचना : एक्स्टेन्शन पण बघत नाही सर.

सिद्धेश : बरं, आजच्यापुरते बाबुराव परत चालू कर.

रचना : करते. फक्त लेखी कारण द्या, की तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेला माणूस आज ड्युटीवर आहे.

सिद्धेश : तू पण ना. मग मंजुळाताईंचं नाव टाक. त्याच बघतात सगळं, आख्ख्या प्लांटला माहितीये.

मंजुळा : नाही साहेब.

सिद्धेश : काय नाही?

मंजुळा : बटण त्याने दाबायचं आणि नाव माझं लावायचं, हे मला जमणार नाही. तीन वर्षं बटण मी दाबलं आणि नाव बाबुरावांचं लागलं. तेवढं पुरे झालं. नाव माझं, तर बोट पण माझं.

सिद्धेश : ताई, मी काय तुमच्या वाईटावर आहे का? तीन शिफ्टला मी माणसं आणू कुठून? एक्स्टेन्शन दमत नाही, सुट्टी मागत नाही.

मंजुळा : मग न दमता करायचं काम त्याला द्या. आकडे भरू दे. काही खटकलं तर माल थांबवू पण दे, थांबवायला माझी ना नाही. पण सोडायचा तो माणसाने. दुपारी प्रीती असते, रात्री कमलेश. दोघांनाही तळ बघायला मी शिकवलंय. ज्याचं त्याचं नाव द्या, आणि कपाटातला कागद काढा.

सिद्धेश : रचना, होतं का असं?

रचना : दहा मिनिटांचं काम आहे. एक केमिस्ट वरती असला की तो दोघांना त्यांच्या शिफ्टपुरती मंजुरी देऊ शकतो, त्यांच्या स्वतःच्या नावाने. पण वरती केमिस्ट हवा. तो या प्लांटला नाहीये.

सिद्धेश : म्हणजे फाइल उघडायलाच लागणार.

मंजुळा : मी तीन वर्षांपूर्वी तेच म्हणालेली.

सिद्धेश : हो, म्हणालेलात. मी टाळलं. मला वाटलं, तुमचं काही अडत नाहीये, तुम्ही काही नाराज नाही.

मंजुळा : नाराज होते साहेब. नाराजी कामावर काढली नाही, एवढंच.

रचना : सर, केमिस्टची जागा भरायला हेड ऑफिसचा होकार मी येतानाच घेऊन आलेय, त्या नऊ बॅचच्या जोरावर. तुमच्याकडून नावासकट दोन ओळींचा मेल लागेल.

सिद्धेश : सगळं ठरवूनच आलीस की तू. थांब, टाइप करतो... गेला. बघ.

रचना : आला. 'मंजुळा भगवान तांबे, केमिस्ट, आजपासून.' या ताई, खुर्चीवर बसा. नवीन पासवर्ड टाका, मी तोंड फिरवते.

मंजुळा : फिरव. आणि घाबरू नकोस, कपाटाला लावणार नाही.

सिद्धेश : झालं ना? आता नाथाचा पास काढा, पाया पडतो.

मंजुळा : रिपोर्ट काय म्हणतोय?

रचना : सगळं हद्दीत. एक्स्टेन्शनच्या मते पास.

मंजुळा : नमुना कुणी घेतलेला?

सिद्धेश : ताई, ट्रक उभा आहे.

मंजुळा : नाथाला चहा पाजा साहेब, तो माझ्यावर रागावणार नाही. रचना, ती लांब नळी दे. तुझ्या पाठीमागे, खुंटीला.

(मंजुळाताई हातमोजे चढवून गेटकडे जातात. परत येऊन नमुने तपासून होईपर्यंत तासभर जातो.)

रचना : काय निघालं?

मंजुळा : कोरडं. बाराच्या बारा. छान माल आहे.

सिद्धेश : म्हणजे आपण उगाच थांबलो.

मंजुळा : उगाच कसे? मघाशी ते फक्त कागदाला माहीत होतं. आता मला माहीत आहे.

रचना : मग दाबा. ते हिरवं.

मंजुळा : हे ना? दाबलं. गेला पास?

रचना : गेला. नाथाने गाडी चालू केली, आवाज येतोय. स्क्रीनवर काय आलंय ते वाचून दाखवू?

मंजुळा : मी वाचलं. दोनदा वाचलं. थांब हं, एक फोन करू दे... हॅलो, बाबुराव? मंजुळा बोलतेय, लॅबमधून. जेवलात का?... नाही हो, काही बिघडलं नाही. तुम्हाला आज रिटायर केलं, ते सांगायला फोन केला... हो, या वेळी खरंखुरं. आता खुशाल झोपा, तुमच्या नावावर काही जाणार नाही इथून... कुणाच्या नावावर म्हणजे? माझ्या.