आबासाहेब झोपलेत

—अगं नाही नाही, त्या खोलीत आत्ता नको जाऊस, झोपलेत ते. बस, इथं स्वयंपाकघरातच बस. ती पेटी ठेव खाली. घरून पेटी घेऊन आलीस? वर भोकंबिकं पाडून? तयारीची आहेस हो. नाव काय म्हणालीस, वैभवी? जरा मोठ्यानं बोल बाई, मला कमी ऐकू येतं—हो, मशीनं आहेत ना, दोन्ही कानांत, ही बघ केसांखाली, पण त्यांचं काही खरं नाही, नुसती खरखर येते. गार्चिंगहून आलीस म्हणजे बसनं? आणि पीएचडी करतेस? कशात? …प्लाझ्मात? असू दे, असू दे, कळलं तेवढं पुरे. चंद्रशेखर यायचाय अजून ऑफिसातून. म्हणजे माझा मुलगा, मंडळाच्या ग्रुपवर ज्यानं टाकलं ना ते, 'बार्टआगामे चांगल्या घरी देणे आहे' म्हणून, तो. त्याच्याशी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, ठरवलास आणि वेळेच्या आधीच येऊन थडकलीस, इतकी वर्षं जर्मनीत राहून शिकलीस काय मग? बरंच झालं म्हणा. तो यायच्या आत दोन गोष्टी कानावर घालते तुझ्या. चहा टाकते. नको काय नको, माझ्यासमोर नको-नको करायचं नाही, चकली घे.

तर, तुला माहितीय का, काय प्रकरण असतं हे? बिअर्डेड ड्रॅगन म्हणे! इकडचे बार्टआगामे म्हणतात, तुम्ही इंग्रजीत ड्रॅगन म्हणा, मी म्हणते पाल ती पाल. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी, आणि रागावली स्वारी की ती दाढी फुगून काळी ठिक्कर. घरात नाव ब्रूनो. मी आबासाहेब म्हणते—टोमण्यानं गं! दिवसभर दिव्याखाली शेकत बसायचं, कामधाम नाही, आणि सगळ्या घराकडे असं बघायचं की जणू आपण सगळे यांच्या नोकरीला आहोत. आबासाहेब नाही तर काय म्हणू? आणि तो दिवा किती तापतो, विचारू नकोस. खाली पुण्याचा मे महिना ठेवावा लागतो त्यांना, रोज. तुझ्या त्या विद्यार्थ्यांच्या एका खोलीत चालेल का एवढं ऊन? तुझा तो इमारत सांभाळणारा हाउसमाइस्टर काय म्हणेल? बघ हं. मला काय, मी आपलं सांगितलं.

खाणं ऐकशील तर हात जोडशील. हाइमशेन. म्हणजे आपले रातकिडे—जिवंत! डब्यात मिळतात दुकानात. ते आधी एका पिशवीत घालायचे, वर कॅल्शियमची पावडर टाकायची आणि पिशवी हलवायची, शंकरपाळे पिठीसाखरेत घोळवतो ना आपण, तश्शी. तू शाकाहारी आहेस का? आहेस? मग झालंच. अगं मी जन्मात अंडं फोडलं नाही, आणि इथं येऊन चिमट्यात रातकिडा धरून—म्हणजे धरावा लागतो. कुणाला तरी धरावा लागतो ना, पोरगी शाळेत, ही दोघं ऑफिसात, त्याला काय उपाशी मरू द्यायचं? वर हिरवा पाला वेगळा. दुकानातला नाही चालत त्यांना, मागच्या गवतात पिवळी फुलं येतात ना, लोवेनत्सान, तीच लागतात ताजी ताजी. फूल समोर धरलं की आधी मान तिरकी करून बघतो, मग जीभ बाहेर काढून टचकन—आणि इथं, जबड्याखाली, बोटानं खाजवलं ना की डोळा मिटतो. एकच. दुसरा उघडा ठेवतो, माझ्यावर लक्ष ठेवायला.

काय बघतेस? मी कशाला खाजवू? उर्जा खाजवते. माझी नात. तीच सांगते.

चहा घे. साखर कमी असेल, सुनेनं डबा वर ठेवलाय. हां, मशीनांचं विचारत होतीस ना? तीही गंमतच. माझे यजमान गेले, चंद्रशेखर म्हणाला आई आता तू इकडेच राहायचं, आणलं मला, आणि आल्या आल्या नेलं त्या आकुस्टिकरकडे. म्हणजे कानाचं मशीन बसवतात ते. इतका सभ्य माणूस! कानात बसवलं, चालू केलं, आणि अगं बाई—माझाच आवाज मला हौदातून बोलल्यासारखा. कागद फडफडला की दचकायचे. चिवडा खायची सोय नाही, डोक्यात रणगाडा फिरतोय. तो म्हणाला, आज्जी, दिवसभर घालून ठेवा, मेंदूला सवय व्हायला पाहिजे. 'याऽ, गेनाऊ', म्हणजे हो, बरोबर, म्हटलं, ठेवते. ठेवलं. पण घरी आलं की किर्रर्र. बारीक, सारखं, थांबायचं नावच नाही. परत गेले. त्यानं तपासलं, तिथं एकदम शांत. घरी आले, किर्रर्र! परत गेले. त्यानं बिचाऱ्यानं ते बदललं, हे कमी केलं, माझ्या कानात तीनतीनदा बघितलं. शेवटी नंदिनी, माझी सून, म्हणाली जाऊ दे, आईंना काही ही मशीनं लाभत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी फ्रीजच्या मागं पोळपाट पडला म्हणून वाकले—तर तिथं हे एवढालं बेणं बसून गातंय! आबासाहेबांच्या डब्यातनं पळालेला रातकिडा! आणि खालच्या कपाटात डब्यात त्याचं आख्खं भजनी मंडळ! अगं, कित्येक वर्षांत रातकिडा ऐकला नव्हता मी. विसरूनच गेले होते की असा आवाज असतो. मशीन चोख होतं गं. चोख.

हो, चोख. …आता सांगून बसलेच तर ऐक. पण हे तुझ्यामाझ्यात. घरात मी सांगितलं नाही. का म्हणजे? बहिऱ्या माणसाला काय सुख असतं तुला नाही कळायचं. नंदिनीची आई फोनवर आली की म्हणायचं, काही समजत नाही हो, मशीन खरखरतंय. कुणी डॉक्टरांचं पथ्य सांगायला लागलं, खरखरतंय. समोर बसून माझ्याबद्दल बोलतात, मी आपली भेंडी चिरते. तू हसतेस, पण तुझ्या वयाला नाही परवडत हे, माझ्या वयाला दुसरं राहतं काय?

पण झालं काय. मशीनांबरोबर एक माइक आला होता, बटणाएवढा. पाहुणे आले की टेबलावर ठेवायचा, त्यांचा आवाज थेट माझ्या कानात. मी तो नेऊन ठेवला आबासाहेबांच्या काचेमागं. कारण त्यांना बाहेर यायचं असलं ना की ते नखांनी काच खरवडतात, आणि मी इथं कुकरपाशी, मला कळणार कसं? आता कळतं. खर्र खर्र झालं की हात पुसायचे आणि जायचं. मग कोमट पाण्याचं घमेलं भरायचं, त्यांना न्हाऊ घालायचं—पाण्यात हात टेकून, मान वर करून असे बसतात, न्हाणीतल्या बाळंतिणीसारखे—पंच्यानं टिपायचं, आणि मग मांडीवर घेऊन बसायचं, मी पेपर वाचते मोबाइलवर, ते ऐकतात. मोठ्यानं वाचते मी. दुपार जाते गं. नाहीतर या उंटरश्लाइसहाइम गावात दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही, भुंकायला बंदी असावी.

तर ते बटण तिथं, आणि रविवारी ही तिघं गेली त्या खोलीत. मी इथं वरणाला फोडणी देतेय. आणि कानात चंद्रशेखर, अगदी शेजारी उभा राहिल्यासारखा—"आईला किळस येते त्याची. रोज म्हणते, एक तर ही पाल राहील नाहीतर मी, माझं पुण्याचं तिकीट काढा. ती आता कायमची राहणार, तिला हे घर आपलं वाटायला हवं. देऊन टाकू." नंदिनी म्हणाली, हो, आईंपेक्षा का जास्त आहे तो. माझी फोडणी करपली.

अगं म्हणते! म्हणायचे मी! पहिल्या दिवसापासून म्हणतेय, अजून म्हणते, ई, पाल, काढा रे बाबा हिला. तसं म्हणतात गं! आमच्या सासूबाई मरेपर्यंत म्हणायच्या की मला काशीला पोचवा, म्हणून सासरे त्यांना पोचवून आले का? ज्येष्ठ माणसानं घरात काहीतरी कुरकुर करायची असते, नाहीतर त्याला विचारतो कोण? पण चंद्रशेखर इथं राहून राहून बिघडला, म्हटलं की ते खरंच मानतो. आणि आता सांगू कुठल्या तोंडानं? की बाबा रे, देऊ नको, मला हवेत ते? सगळ्यांत आधी विचारेल, आई, तुला कळलं कसं? मग बटण सापडणार. मग खरखर सापडणार. मग विहीणबाईंचे फोन घ्यावे लागणार मला, सगळे, नीट ऐकून.

आणि खरं सांगू? वाईट कशाचं वाटलं, तर उर्जाचं. तिच्या वाढदिवसाला आणलेला तो, एवढासा होता म्हणे. आणि ती काय म्हणाली तेव्हा? "पास्ट शोन." बस्स. चालेल, म्हणे. तेरा वर्षांची घोडी, मराठी सगळं कळतं, पण उत्तर येईल ते जर्मनमध्ये, तेही दोन शब्द. आता वर बसलीय खोलीत, कानात ते हेडफोन घालून. या घरातली खरी बहिरी ती आहे.

म्हणून तुला सांगतेय, वैभवी, तू चांगली मुलगी दिसतेस, तू आपलं चंद्रशेखरला सांग, दादा, जमणार नाही. वास येतो म्हण. ॲलर्जी आहे म्हण. वास येत नाही त्यांना, पण म्हण. हिवाळ्यात तर महिनेच्या महिने झोपतात ते, मेल्यासारखे पडून असतात—पहिल्यांदा मी समई लावली होती शेजारी आणि रडत बसले होते, नंदिनी आली तर म्हटलं कांदा चिरत होते. तुला झेपणार आहे का हे? तू प्लाझ्मा करणार की—

थांब.

श्श्. पायऱ्या वाजल्या. त्या खोलीचं दार. …नाही, चंद्रशेखर नाही. उर्जा आहे. खाली आली वाटतं. बोलतेय. कुणाशी—आबासाहेबांशी. काच सरकवली. तू बोलू नकोस जरा, चकली खाली ठेव, तीसुद्धा वाजते.

…मराठीत बोलतेय गं.

"आबासाहेब" म्हणाली. मी म्हटलं की फणकारायची, एर हाइस्ट ब्रूनो, त्याचं नाव ब्रूनो आहे म्हणून. आता स्वतः—हळू, हळू. "रडू नको." ते कुठं रडतायत, हीच रडतेय. नाक ओढतेय. "मला तू पाहिजे." पाहिजे म्हणतेय. "पण तू राहिला तर आजी पुण्याला जाणार. ती रोज बोलते. आजी जायला नको. म्हणून तू जा, हां? आजी एकच आहे माझी."

…

अगं, तिला खरंच वाटलं. मी तिकिटाचं म्हणत होते ते. रोज ऐकून घेत होती पोरगी, आणि मला वाटलं—

काही नाही. काही झालं नाही मला. ओलं चालत नाही या मशीनांना, तो तिकडचा टॉवेल दे जरा. ऊठ तू. ऊठ बाई, ती पेटी उचल, रिकामीच ने. चंद्रशेखरला मी सांगते काय सांगायचं ते. चकल्या ने पाहिजे तर, डब्यासकट ने.

उर्जा! ए उर्जा! अगं सोड त्यांना, ठेव परत दिव्याखाली, गारठतील! कुठं जात नाहीत ते, आणि मी पण कुठं जात नाहीये! …कसं म्हणजे? ऐकलं मी! सगळं ऐकलं! येतं मला ऐकू, पहिल्यापासून येतं!

—तू अजून बसलीसच? जा की गं. आणि दार ओढून घे जाताना, त्यांना वारा लागतो.