माळावर मागे राहिलेली

उत्तर इंग्लंडमधल्या हॉझ गावच्या बसथांब्यावर माझ्या शेजारी पायी भटकंतीला निघालेलं साठीचं एक जोडपं पाठपिशव्या उतरवून बसलं. बाई कमरेपर्यंत काळ्या चिखलानं माखलेली, नवऱ्याचे मात्र बूटच काय ते मळलेले.

"मॅव्हिस, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! लोकांनीच ओढून काढलं मला. तू कुठे होतास, डेरेक?"

"थोडा पुढे होतो."

"थोडा? धुक्यात हातभर दिसत नव्हतं. मी दलदलीत रुतले, घसा फुटेस्तोवर तुला हाका मारल्या. ओ दिली ती एका मेंढीनं!"

"वाऱ्यात ऐकू नाही आलं. मला वाटलं, येतेयस मागून."

"मग एकदा वळून बघायचं होतंस!"

"थांबलं की चालण्याची लय तुटते गं."

"लय! मी पोचले तेव्हा साहेब पबमध्ये पाय पसरून बिअर पीत होते. वर मालकाला सांगत होते, बायको जरा मंद आहे."

"गंमत केली."

"मी हसले नाही."

"बरं बाई, चुकलो. ती बघ बस आली. घरी जाऊन गरम पाण्यानं अंघोळ कर."

"घरी तू जा. तंबू ठेव इथे."

"म्हणजे?"

"स्कॉटलंडपर्यंत चालत जायचं ठरलं होतं, वाट अर्ध्याहून जास्त उरलीय. मी उद्या निघणार."

"एकटी? तुला नकाशा तरी कळतो का?"

"मला बाहेर काढणाऱ्या त्या दोघी बहिणी आहेत सोबत. त्यांना कळतो."

"आणि मी?"

ड्रायव्हरनं दार उघडून विचारलं, "दोघं का?"

"एकच," मॅव्हिस म्हणाली.