ओल्या गोणपाटाखालचा सिलिंडर

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, पण बाबा कामासाठी इथे शहरात आले आणि गोडदेवला खोली घेतली, मी तिथेच वाढलो. फायर ब्रिगेडमध्ये लागलो तेव्हा आईने पेढे वाटले आणि मग देवासमोर बसून रडली, काय सांगू तुम्हाला, दोन्ही एकाच दिवशी. गावाला वणवा बघितलेला. आजोबा म्हणायचे, आधी परतीची वाट बघ, मग आग बघ. मला वाटायचं, इथे सगळ्या बिल्डिंगा, इथे कुठला आलाय वणवा. पण हायवेपलीकडे डोंगर आहे ना, तिथे घरं चढत चढत गेलीत, मागच्या भिंतीला गवत टेकतं, आणि होळीच्या सुमाराला ते नुसतं कुरकुरतं.

त्या दुपारी डोंगर पेटला आणि वारा घरांकडे फिरला. आमच्या ड्रायव्हरने गाडी उलटी गल्लीत घातली, तोंड रस्त्याकडे, हा आमचा नेमच आहे, पळायचं झालं तर वळवत बसायला नको. शिंदे, माझा जोडीदार, पाण्याचा होज घेऊन शेवटच्या घराच्या मागे गेला. त्या घरची ताई गल्लीत उभी, कडेवर टीव्ही. मला म्हणाली, भैया, घर बचाओ, सामान सब निकाल लिया. मी विचारलं, सिलिंडर? म्हणाली, घर में आग लगे तो फटेगा ना, इसलिए पीछे रखा है, गीली बोरी डालके.

मागे. म्हणजे गवताच्या बाजूला, शिंदेच्या पायाशी.

शिट्टीवर शिट्टी मारली, असेल तसं टाकून निघ अशी ती शिट्टी असते, पण तो निघेना, मागे न बघता ओरडला, थांब रे, भिंत वाचतेय! मग मी घरामागे धावलो, त्याची कॉलर धरली, गोणपाट सुकून धुमसायला लागलं होतं. कोपरा वळलो आणि स्फोट झाला. मागची भिंत गेली, पत्रे गेले, मग घरच गेलं.

ताई सगळ्यांसमोर बोलली, भाग गये, वर्दी पहनके भाग गये. तिने कुणाच्या जिवावर उठायला नव्हता ठेवला सिलिंडर हो, तिच्या हिशोबाने तिने घर वाचवलं होतं.

तिने तिथेच परत पत्रे घातलेत. आम्ही दिसलो की अजून शिव्या घालते. शिंदे हसतो, म्हणतो, माझ्या डाव्या बाजूने घाल म्हणावं, तो कान गेलाय माझा.

आता परत गवत पिवळं पडलंय. दुपारी वारा फिरला की फायर स्टेशनात आम्ही सगळे आधी डोंगराकडे बघतो. तिच्या शिव्या असू देत. द्यायला ती आहे, ऐकायला आम्ही दोघं आहोत, यंदाही देवाने एवढंच ठेवावं.