माश्यांच्या खोलीतला हीटर

आमच्या प्रयोगशाळेत म्हाताऱ्या शास्त्रज्ञांच्या आठवणी कॅमेऱ्यासमोर नोंदवून घेत होते. माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर लोवेल आणि हॅरिएट. तरुणपणी दोघांनी एकाच टेबलावर फळमाश्या मोजलेल्या.

"काल कॅमेऱ्यासमोर काय सांगितलंस रे? हीटर मुद्दाम वाढवलास म्हणून?"

"हो. उष्णतेत कुठल्या माश्या पडतात ते बघायला."

"काहीतरीच! शनिवारी आपण नाचायला गेलो आणि हीटर चालूच राहिला. सकाळी माश्या उताण्या!"

"एकाच बाटलीतल्या. बाकीच्या मजेत उडत होत्या."

"आणि खिडकी उघडून गार वारा आल्यावर त्या पडलेल्याही उडायला लागल्या. केवढ्यानं ओरडलास!"

"नवा जीन सापडला होता, हॅरिएट!"

"चुकून सापडला. आज मी खरं ते सांगणार."

"नको गं."

"का? एवढं नाव झालं, आता कसली लाज?"

"लाज नाही. चुकून म्हटलं की ती मुलाखतवाली विचारणार, हीटर बंद करायची पाळी कोणाची होती."

"विचारू दे की! कोणाची होती?"

लोवेलनं कॉफी ढवळत तिच्याकडे बघितलं.

"अगं बाई! माझी?"

दार उघडलं. "हॅरिएट, या आत."

"आले, आले! लोवेल, हीटर मी विसरले ना? मग शोध माझा!"