मारोतीभाऊंच्या वहीतल्या कोऱ्या जागा

मंडळी, मारोतीभाऊंच्या शोकसभेला नाकाडोंगरीचं हे समाजमंदिर इतकं भरलेलं मी पहिल्यांदा पाहतोय. वार्ताहर म्हणून गावोगावची भाषणं ऐकली. आज स्वतः बोलायची वेळ आली.

मारोतीभाऊ खाणीतले फिटर. आठ वर्षं टांझानियात राहिले. लोक तिकडून सोनं आणतात. भाऊंनी स्वाहिली शब्दांची वही आणली. फक्त दुहेरी शब्दांची. काता म्हणजे काप. काताकाता म्हणजे बारीक तुकडे कर. सेमा म्हणजे बोल. सेमासेमा म्हणजे बोलतच राहा. हे सांगताना ते माझ्याकडेच बघायचे.

मी पडलो संस्कृतवाला. म्हटलं, "भाऊ, दुसऱ्यांदा आलेल्या शब्दाला आम्ही आम्रेडित म्हणतो. जुनीच गोष्ट आहे."

"असंन पंडितजी. पन तुमच्या व्याकरनवाल्यानं तिकडच्या बाईले भाजी चिरताना पायलं काय?"

ही त्यांची रीत. माणूस ते करताना पाहिल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही. प्रत्येक शब्दापुढे नाव, कुणाच्या तोंडून ऐकला त्याचं. मंडळी, ती वही वाचताना मी थक्क व्हायचो. समुद्रापलीकडची माणसं, ना ओळख ना पाळख. तीही आपल्यासारखीच शब्दाला तोच शब्द जोडतात आणि शब्दातलं काम लांबवतात, विखुरतात, कधी हलकं करतात. कुणी कुणाला शिकवलं?

वही छापायची ठरली. सात शब्दांपुढे अर्थ नव्हता. मी मराठीवरून अंदाज बांधून भरून टाकला. चेका म्हणजे हस. चेकाचेकापुढे एका बाईचं नाव होतं, त्यापुढे मी लिहिलं, 'सतत हसणे'. ते कळल्यावर भाऊ तुमसरला माझ्या घरी आले, खोडरबर घेऊन.

"तुमी तिले हासताना पायलं काय?"

"नाही."

"मंग कायले लिवलं? खदखदा हासते का गालातल्या गालात, कोनाले मालूम?"

सातही अर्थ खोडले. तिकडच्या जुन्या सोबत्याला फोनवर विचारणार होते. फोन लागत नव्हता. गेल्या मंगळवारी भाऊच गेले.

काल वहिनींना विचारलं, आता काय करायचं? खोटं कशाला बोलू, मला मोह झाला होता. माझे ते सात अर्थ मला अजून पाठ आहेत. वहिनी म्हणाल्या, "छापा भाऊजी. पन जे मालूम नाही, ते लिवू नोका."

वही छापू. सात जागा कोऱ्या राहतील. आणि मारोतीभाऊ मला पूर्ण कळले होते, असंही मी आज म्हणणार नाही. म्हणून इथेच थांबतो. उठा मंडळी. जे आपल्याला सांगता येत नाही, त्याच्यासाठी थोडा वेळ नुसते उभे राहू.